शून्याचा रकाना

नर्सबाई नोंदवही घेऊन आल्या की मोठी माय मागच्या खोलीत जाऊन बसायची. मोठी माय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. मी तेव्हा शाळेत होते. हिवरखेडला आमच्या गल्लीत दर वर्षी जननक्षम जोडप्यांचा सर्व्हे व्हायचा. बाईचं वय काय, जिवंत मुलं किती, शेवटचं केवढं, साधन कोणतं वापरता, ऑपरेशन झालं का. नर्सबाई ओसरीवर टेकायच्या, चहा घ्यायच्या, आई एकेक सांगत जायची. मोठ्या मायच्या ओळीवर आल्या की त्या आवाज खाली आणायच्या. "मोठ्या बाईचं अजून काई नाई ना?" आई मान हलवायची. नर्सबाई शून्य लिहायच्या आणि खालच्या ओळीवर जायच्या. त्यांचं काही चुकत नव्हतं. शून्यानंतर काय विचारायचं हे त्या वहीत छापलेलंच नव्हतं.

पुढे मी इंजिनिअर झाले, डेटाबेसवर काम करू लागले, तेव्हा त्या शून्याकडे पुन्हा लक्ष गेलं. आमच्या कामात शून्य आणि 'माहिती नाही' या दोन वेगळ्या गोष्टी असतात. दोन्ही एकाच रकान्यात कोंबल्या तर पुढचं सगळं गणित बिघडतं. त्या नोंदवहीतल्या शून्यात कालच लग्न झालेली मुलगी होती, दोन वर्षं थांबू म्हणणारी होती आणि वीस वर्षं वाट पाहणारी मोठी मायही होती. सरकारच्या लेखी तिघी एकच. किंबहुना तिघीही 'सध्या काळजी नाही' या गटातल्या, कारण वहीचं काम वाढणारी मुलं मोजायचं होतं, न होणारी नव्हे.

हे असं का झालं, याचा इतिहास बऱ्यापैकी मराठी आहे. त्यातली एक इमारत तर मुंबईत परळला आहे.

१९२१ साली रघुनाथ धोंडो कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्यापायी प्राध्यापकी गेली. १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, खटले झाले, एका खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूनं उभे राहिले. हे मराठी वाचकाला माहीत असतं. माझ्या मते कर्व्यांच्या म्हणण्याचा गाभा असा होता की मूल कधी व्हावं, व्हावं की नाही, हे त्या बाईनं ठरवावं. कर्वे १९५३ साली गेले. त्याच्या आधीच्या वर्षी, १९५२ ला, भारत सरकारनं कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला होता. पहिल्या पंचवार्षिक योजनेत त्यासाठी ६५ लाख रुपये होते. सरकारनं कर्व्यांचं साधन घेतलं. बाईनं ठरवावं, हा भाग घेतला नाही.

१९५४ साली परळला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, म्हणजे आयसीएमआरनं, गर्भनिरोधक साधनं तपासणारा एक विभाग सुरू केला. त्याचं नावच तसं होतं: कॉन्ट्रासेप्टिव्ह टेस्टिंग युनिट. बाजारात येणारी साधनं खरंच काम करतात का हे पाहायचं. पुढे काम वाढलं आणि १९७० साली त्याची इन्स्टिट्यूट फॉर रिसर्च इन रिप्रॉडक्शन झाली. ही संस्था लक्षात ठेवा, ती पुन्हा येणार आहे.

मधल्या काळात मुंबईच्या रेल्वे स्टेशनांवर नसबंदीची केंद्रं निघाली. भिंतीभिंतीवर लाल त्रिकोण आला. आमच्या गावातही एका जुन्या भिंतीवर तो मला पाहिल्याचं आठवतं, चुन्याखालून फिकट गुलाबी दिसणारा. मग आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या. महाराष्ट्र यात मागे नव्हता, पुढे होता. १९७६ साली आपल्या विधिमंडळानं तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, मग निवडणुका आल्या आणि ते बारगळलं. पण मंजूर झालं होतं, हे विसरू नये.

याच्या दोनच वर्षांनी, २५ जुलै १९७८ ला, इंग्लंडमध्ये ओल्डहॅमच्या सरकारी रुग्णालयात लुईस ब्राऊन जन्मली. शरीराबाहेर फलन होऊन जन्मलेलं पहिलं मूल. आपण 'टेस्ट ट्यूब बेबी' म्हणतो, पण त्यात टेस्ट ट्यूब नसते, काचेची बशी असते. बाईच्या नळ्या बंद असतील तर बीज आणि शुक्राणू भेटतच नाहीत. म्हणून बीज बाहेर काढायचं, बशीत फलन करायचं आणि गर्भ परत गर्भाशयात सोडायचा. कल्पना एवढीच आहे, ती साधायला रॉबर्ट एडवर्ड्स आणि पॅट्रिक स्टेप्टो यांना दहा वर्षं लागली. एडवर्ड्सना २०१० साली नोबेल मिळालं. पण १९७१ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनं त्यांना पैसे नाकारले होते. कारणं अनेक होती, आधी माकडांवर प्रयोग करा हेही त्यात होतं. त्या नकाराचे कागद पुढे संशोधकांनी तपासले, तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. त्या काळच्या धोरणकर्त्यांना जन्म कमी करणं महत्त्वाचं वाटत होतं, वंध्यत्व हा सार्वजनिक पैशाचा विषय वाटत नव्हता. म्हणजे हा चष्मा फक्त दिल्लीच्या नाकावर नव्हता.

लुईसनंतर अवघ्या ७० दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ ला, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयोगातून 'दुर्गा' जन्मली. मुखर्जींची पद्धत इंग्लंडहून वेगळी होती. त्यांनी हार्मोनची इंजेक्शनं देऊन एकाच वेळी जास्त बीजं तयार केली, दुर्बीण न वापरता योनिमार्गातून ती काढली, फलन झालेला गर्भ ५३ दिवस गोठवून ठेवला आणि बाईचं शरीर शांत झाल्यावर पुढच्या एका पाळीच्या चक्रात सोडला. आज अकोल्यातल्या केंद्रात डॉक्टर जे करतात ते साधारण याच वळणाचं आहे. गोठवलेल्या गर्भापासून गर्भधारणा झाल्याचं जगानं अधिकृतपणे मानलं ते १९८३ साली, ऑस्ट्रेलियात.

मुखर्जी सरकारी महाविद्यालयात नोकरीला होते आणि बातमी आधी वर्तमानपत्रांत आली. पश्चिम बंगाल सरकारनं चौकशी समिती नेमली. अध्यक्ष रेडिओ-भौतिकीचे तज्ज्ञ. समितीनं दावा खोटा ठरवला. जपानला परिषदेसाठी जाण्याची परवानगी मिळाली नाही. १९८१ च्या जूनमध्ये त्यांची बदली डोळ्यांच्या संस्थेत झाली, आणि १९ जून १९८१ ला त्यांनी आत्महत्या केली. 'एक डॉक्टर की मौत' हा तपन सिन्हांचा सिनेमा अनेकांनी पाहिला असेल. तो पाहून राग येतो तो अडाणी बाबूंचा. मला मात्र वाटतं, इथे अडाणीपणापेक्षा जागा नसण्याचा प्रश्न होता. ज्या आरोग्य खात्याकडे नसबंदीचे आकडे मागण्याची यंत्रणा होती, त्याच्याकडे अशा संशोधनाचं काय करायचं याचं टेबलच नव्हतं. कागद आला, कोणत्या फायलीत लावायचा कळेना, म्हणून समिती नेमली. नोकरशाहीत असंच होतं. मोठ्या कंपन्यांतही होतं, मी पाहिलंय.

आता परळ. १९८० च्या दशकात इन्स्टिट्यूट फॉर रिसर्च इन रिप्रॉडक्शनचे संचालक होते डॉ. टी. सी. आनंद कुमार. स्वतः गर्भनिरोधकांवर काम केलेले, नाकात फवारायच्या गर्भनिरोधकाचे प्रयोग त्यांनी केले होते. त्यांच्या संस्थेजवळच महापालिकेचं केईएम रुग्णालय, आणि तिथे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. इंदिरा हिंदुजा. प्रयोगशाळा आयसीएमआरची, शस्त्रक्रियेची खोली महापालिकेची. दोन्ही सार्वजनिक पैशाच्या. ६ ऑगस्ट १९८६ ला केईएममध्ये हर्षा जन्मली. पूर्ण शास्त्रीय नोंदीसह जगापुढे मांडलेलं भारतातलं हे पहिलं उदाहरण.

मला या घटनेतली ही गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. मुलं होऊ नयेत यासाठीची साधनं तपासायला काढलेल्या संस्थेनं, गिरणगावातल्या कामगारांच्या रुग्णालयात, मूल होण्याचं तंत्र उभं केलं. बीज, शुक्राणू, हार्मोन यांचं शास्त्र एकच असतं. कोणत्या बाजूला वळवायचं एवढाच प्रश्न. शास्त्रज्ञांना हे कळलं होतं. पुढची पायरी अशी असायला हवी होती की केईएममधून हे ज्ञान नागपूरच्या मेडिकलला, तिथून जिल्ह्याला जावं. तसं झालं नाही. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत हे तंत्र पसरलं ते खासगी दवाखान्यांतून. आधी मुंबई-पुणे, मग नागपूर, मग अकोला-अमरावती. सार्वजनिक पैशानं रस्ता केला आणि टोलनाका दुसऱ्यानं लावला.

आनंद कुमारांबद्दल एक गोष्ट सांगून पुढे जाते. मुखर्जींचे कागद आणि हस्तलिखित नोंदी त्यांच्या हाती आल्या, त्यांनी त्या तपासल्या आणि १९९७ साली 'करंट सायन्स'मध्ये लिहिलं की भारतातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचे शिल्पकार सुभाष मुखर्जी. पहिलेपणाचा मान स्वतःच्या नावावरून काढून दुसऱ्याच्या नावावर लिहिणारा माणूस मला दुसरा आठवत नाही.

पण संशोधन आणि धोरण यांची गाठ आपल्याकडे पडतच नाही असं म्हणता येणार नाही. त्याच वर्षांत, त्याच मुंबईत ती पडली होती. १९८६ साली डॉ. संजीव कुलकर्णी यांनी मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली. त्यातले ४२ जण गर्भजल तपासून लिंग सांगत होते. स्त्रीसंघटनांनी आधीच आंदोलन उभं केलं होतं, त्याला हा आकडा मिळाला. १९८८ साली महाराष्ट्रानं गर्भलिंगनिदानावर कायदा केला, देशातला पहिला. १९९४ साली केंद्राचा कायदा आला. मग २००० साली मुंबईची 'सेहत', पुण्याची 'मासूम' आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २००३ च्या दुरुस्तीनं गर्भधारणेच्या आधीच लिंग निवडण्याचं तंत्रही कायद्याखाली आलं. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात हजार मुलग्यांमागे ९१३ मुली होत्या, तेव्हा हे गरजेचं होतंच, याबद्दल दुमत नाही.

पाहणी १९८६, कायदा १९८८. दोन वर्षं. दुसरीकडे हर्षा १९८६, आणि सहाय्यक प्रजननाचा कायदा २०२१. पस्तीस वर्षं. हा फरक मी बराच काळ राजकारण्यांच्या आळसावर ढकलत होते. आता वाटतं, सरकारला मनाई करता येते तिथे ते लवकर हलतं. द्यायचं असतं तिथे बजेट लागतं, माणसं लागतात, आणि मुख्य म्हणजे हा प्रश्न आपला आहे असं मानावं लागतं. महाराष्ट्रात १२ सप्टेंबर २००१ नंतर दोनाहून जास्त मुलं असतील तर पंचायतीची निवडणूक लढता येत नाही. म्हणजे गावातल्या प्रत्येक इच्छुकाला तिसरं मूल कधी झालं हे सरकारला तारखेनिशी हवं असतं. एकही मूल नसलेल्यांची मोजणी मात्र सहसा कुणी मागत नाही. २००७-०८ च्या जिल्हास्तरीय कुटुंब सर्वेक्षणात हा प्रश्न थेट विचारला गेला, तेव्हा सुमारे आठ टक्के विवाहित स्त्रियांनी गर्भ राहायला अडचण आल्याचं सांगितलं. बारा घरांमागे एक. आमच्या गल्लीचा हिशेब केला तर जमतो.

२०२१ च्या कायद्याकडे येण्याआधी त्याचा रखडलेला प्रवास एका ओळीत: २००५ ला आयसीएमआरची मार्गदर्शक तत्त्वं, जी पाळणं बंधनकारक नव्हतं, मग २००८, २०१० आणि २०१४ चे मसुदे, मग २०२० चं विधेयक. दरम्यान २०१६ साली खुद्द हर्षाला मुलगा झाला. टेस्ट ट्यूब बेबी आई झाली तरी कायदा मसुद्यातच होता. अखेर २५ जानेवारी २०२२ पासून तो लागू झाला.

कायदा वाईट नाही. केंद्रांची नोंदणी सक्तीची झाली. बीज देणारी बाई आयुष्यात एकदाच देईल आणि तिच्याकडून सातहून जास्त बीजं काढता येणार नाहीत, हे ठरलं. तिच्यासाठी विमा आला. उपचार घेणाऱ्या बाईचं वय २१ ते ५०, पुरुषाचं २१ ते ५५. राष्ट्रीय नोंदणी आली आणि केंद्रांनी तिला माहिती द्यायची, असंही ठरलं.

इथे माझ्या धंद्याचं थोडं बोलते. अकोल्याच्या रस्त्यांवर यशाचे टक्के लिहिलेले फ्लेक्स लागतात. टक्का म्हणजे कशावर काय? समजा शंभर बायकांनी इंजेक्शनं सुरू केली. काहींची बीजं नीट आली नाहीत, काहींचं फलन झालं नाही, सत्तर जणींत गर्भ सोडला. तीस जणींची तपासणी पॉझिटिव्ह आली. त्यातल्या बावीस जणींना मूल झालं. आता फ्लेक्सवर सत्तरात तीस म्हणून ४३ टक्के लिहिलं तरी ते खोटं नाही, आणि शंभरात बावीस म्हणून २२ टक्के लिहिलं तरी खरं. छेद कोणता घेतला एवढंच. जमीन विकून आलेल्या माणसाला छेद कुणी सांगत नाही. ब्रिटनमध्ये १९९० च्या कायद्यानं नेमलेली संस्था प्रत्येक केंद्राचे आकडे एकाच मापानं लोकांसमोर ठेवते. अमेरिकेत १९९२ च्या कायद्यानं केंद्रांना यश-अपयश सरकारला कळवावं लागतं आणि ते छापलं जातं. आपल्या नोंदणीत माहिती जमा होते, पण हिवरखेडच्या जोडप्यानं मोबाईलवर उघडून दोन केंद्रांची तुलना करावी, असं तिचं रूप अजून नाही. तांत्रिकदृष्ट्या हे अजिबात अवघड काम नाही, हे मी पोटतिडकीनं सांगते.

आणि पैसा. एका फेरीला दीड-दोन लाख सहज लागतात, आणि एका फेरीत होईल याची खात्री नसते. लांब धाग्याच्या कापसाचा २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ७५२१ रुपये होता. दोन लाख म्हणजे साडेसव्वीस क्विंटल. कोरडवाहू पाच एकरवाल्याचं चांगल्या वर्षाचं सगळं पीक, बियाणं-फवारणी-वेचाई वजा न करता. आयुष्मान भारत योजनेतून प्रजननासंबंधीचे उपचार वगळलेले आहेत, हृदयाची झडप बसते पण हे नाही. ब्रिटनमध्ये २००४ सालीच तिथल्या आरोग्य संस्थेनं तीन फेऱ्या सरकारी खर्चानं द्याव्यात अशी शिफारस केली. ती सगळीकडे पाळली जात नाही, कोणत्या गावात राहता त्यावर फेऱ्या ठरतात म्हणून तिथेही ओरड आहे. पण भांडायला काही कागद तरी आहे. जवळचं उदाहरण गोव्याचं. २०२३ साली बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात मोफत आयव्हीएफ सुरू झालं. गोवा छोटं राज्य, त्याला जमतं, असं कुणी म्हणेल. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाख होती आणि एकट्या अकोला जिल्ह्याची अठरा लाख.

तरी माझी मागणी तालुक्यातालुक्यात आयव्हीएफ काढा अशी नाही. तिथवर जाण्याची वेळच अनेकांवर येऊ नये. आपल्याकडे नळ्या बंद होण्याचं एक मोठं कारण जननमार्गाचा क्षयरोग हे आहे. छातीचा नसल्यामुळे खोकला येत नाही, कळतही नाही. क्षयरोगाची औषधं सरकार फुकट देतं, पण उशीर झाला तर जंतू मरतात आणि नळ्या बंदच राहतात. थायरॉइड रक्ताच्या एका तपासणीत कळतं. आणि वीर्यतपासणी: एक डबी, एक सूक्ष्मदर्शक, शिकलेला माणूस. मूल न होण्यात सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचा वाटा असतो, एकट्याचा किंवा दोघांचा मिळून. हे शास्त्र कित्येक दशकं जुनं आहे. १९९४ च्या कैरो परिषदेत वंध्यत्व टाळणं आणि त्यावर उपचार करणं हा प्रजनन आरोग्याचा भाग आहे, असं आपल्या सरकारनंही मान्य केलं. १९९६ साली नसबंदीची वरून येणारी टार्गेटं कागदावर रद्द झाली. वहीतला शून्यापुढचा रकाना मात्र तेव्हाही कुणी छापला नाही. मला वाटतं, सुरुवात तिथूनच करता येईल. दोन वर्षं शून्य असेल आणि मूल हवं असेल, तर दोघांनाही ग्रामीण रुग्णालयात पाठवायची चिठ्ठी. दोघांनाही.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत घरी गेले होते, तेव्हा मोठ्या मायशी पहिल्यांदाच या विषयावर बोलले. ओसरीवर आम्ही दोघीच होतो, ती वाती वळत होती. तिनं बोटं मोजून सांगितलं. शहरात दोन वेळा दुर्बिणीची तपासणी, एकदा नळ्यांचा फोटो, गर्भाशय साफ करणं तीनदा, गोळ्यांचा हिशेब नाही. एक एकर गेलं. सगळे कागद तिनं पत्र्याच्या पेटीत ठेवले होते, तेही काढून दाखवले. मी एकेक वाचले. नळ्या उघड्या, बीज ठीक, पाळी नियमित. सगळ्या कागदांवर नाव तिचंच.

"मोठ्या बाबांची तपासणी?"

ती हसली. "त्याईले कोन म्हनन, तपासाले चाला म्हून?"

ती आता साठीच्या पुढे आहे. जननक्षम जोडप्यांत १५ ते ४९ वयाच्याच बायका धरतात, त्यामुळे पन्नाशी लागली त्या वर्षी तिचं नाव वहीतून निघालं. आईला ते आठवतं. नर्सबाईंनी पान उलटलं, ओळीवर आडवी रेघ मारली आणि म्हणाल्या, "आता यायचं नाई लिवा लागत."